झाकणावरचा अंगठा

टेम्पोचं फाळकं उघडण्याआधी मनोहरने आमच्या कारखान्याच्या दारावर लाथ घातली.

"मिस्त्री! भायेर ये!"

बाबा बाकड्यावर बसून बशीत चहा ओतत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, ओठ पुसले आणि उठले. मनोहरने त्यांना दारापर्यंत पोचूच दिलं नाही. दाराशी खिळ्यांवर आमचे पाने टांगलेले असत. त्यातला बत्तीस नंबरचा पाना ओढून त्याने बाबांच्या जबड्यावर हाणला. आवाज अगदी बारका झाला, शहाळ्यावर कोयता बसावा तसा. बाबा बाकड्यावर आपटले, बशी फुटली, आणि चहात मिसळलेलं रक्त माझ्या पायापर्यंत वाहत आलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. हातात रॉकेलचा डबा होता. तो मी सोडला नाही, एवढंच आठवतं.

"मनू, थांब."

मागून भिकातांडेल आला. मनोहरचा थोरला भाऊ, होडीचा कप्तान. डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. मिशीशिवाय त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. कुणा परक्या माणसाने तांडेलाचे डोळे लावून यावं तसं वाटलं. सुतकातली माणसं कुणाच्या दारी जात नाहीत. ते आले होते.

"आधी उघडून घेऊ," तांडेल म्हणाला. "मग काय ते."

खलाशांनी टेम्पोतून इंजिन ओढलं आणि आमच्या उंबऱ्यापुढे आदळलं. त्याच्या खाचाखाचांतून वाळू भरली होती. एका नळीतून जिवंत खेकडा बाहेर आला आणि आमच्या तुळशीकडे चालू लागला. मनोहरने त्याच्यावर पाय दिला.

पाच दिवसांपूर्वी याच इंजिनाने दगा दिला होता. तांडेलाची 'गोमतीसागर' मासळी घेऊन परतत होती. आडबंदराच्या तोंडाशी, जिथे खडपाचे दात पाण्याखाली असतात, तिथे इंजिन तापून जाम झालं. वारा मागून होता. तांडेल सुकाणूवर, आणि त्याचा मुलगा सुयोग खाली इंजिनाशी. होडी खडपावर चढली आणि दोन तुकडे झाली. सगळे पोहून आले. सुयोग खालीच राहिला. दुसऱ्या दिवशी तो खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांत अडकलेला सापडला. एकवीस वर्षांचा होता.

तांडेल बाबांसमोर उकिडवा बसला. "ह्या इंजिनाला तुझा हात लागलाय, मिस्त्री. पंधरा दिवस नाय झाले. आता आमच्यासमोर उघड. चूक दर्याची निघाली तर मी तुझ्या पाया पडेन. तुझी निघाली, तर तो हात हितंच ठेवायचा."

बाबांनी थुंकी टाकली. तिच्यात दात होता. तो त्यांनी उचलून खिशात टाकला, पडलेला स्क्रू उचलावा तसा.

"उघडतो," ते म्हणाले. बोलणं जड झालं होतं. "पोरीला घरात जाऊ दे."

"नाय," मनोहर म्हणाला. "ती पण बसेल. खरवडायचं काम तिचं ना? अख्ख्या बंदराला म्हायत हाय. खरवड म्हणावं आमच्यासमोर."

ते खरं होतं. मी सहावीत असताना आई गेली, आणि शाळेतून आल्यावर मला एकटीला कुठे ठेवायचं म्हणून बाबांनी आपल्या शेजारी पोतं अंथरलं. हॅक्सॉचं मोडकं पातं घासून त्याची पत्ती केली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली, आणि माझ्या हातात दिली. कुठलंही झाकण उघडलं की त्यावर जुनं पॅकिंग आणि जुना गोंद चिकटलेला असतो. दगडासारखा. तो काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, हा बाबांचा एकच नेम. रॉकेलात भिजवायचं, पत्ती आडवी धरायची, लोखंडाला ओरखडा न पाडता गोंद तेवढा सोलायचा. मग डोळे मिटून नखाने चाचपायचं. "डोळा फसतो बाय," बाबा म्हणायचे, "नख नाय फसत. नख अडलं म्हणजे अजून हाय." मी झाकण स्वच्छ केलं की ते स्वतःचं नख फिरवत, आणि कुठेच अडलं नाही की माझ्या डोक्यावर टपली मारत. शाळेतल्या कुठल्याही मार्कांपेक्षा मला ती टपली जास्त वाटायची.

आणि शेवटी अंगठा. ही रीत बाबांच्या उस्तादाने घालून दिलेली. झाकण बसवून बोल्ट आवळले की कडेने थोडा गोंद बाहेर येतो. तो सुकायच्या आत मिस्त्रीने त्यावर आपला अंगठा दाबायचा. हे काम मी केलं, मी बंद केलं, माझ्यामागे कुणी उघडलेलं नाही, असा त्याचा अर्थ. बाबांचा अंगठा तरणेपणी पंख्याच्या पट्ट्यात सापडून आडवा फाटला होता. त्यामुळे त्यांच्या ठशात मधोमध एक रेघ यायची. बंदरातली लहान पोरंसुद्धा ती रेघ ओळखायची. होडी विकत घेताना माणसं आधी वाकून इंजिनावर रेघ शोधायची.

बाबांनी इंजिन उघडायला घेतलं. जबडा एका बाजूला लोंबत होता, लाळ आणि रक्त शर्टावर पडत होतं, पण हात अचूक चालत होते. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट एकेक करून निघाले. हेड उचललं तेव्हा खलाशी पुढे सरकले.

"धरलाय," बाबा म्हणाले. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. कडा निळ्याकाळ्या पडल्या होत्या. "तापून धरलाय. पाणी नाय पोचलं."

"का नाय पोचलं?"

"बघायला लागेल."

मनोहरने त्यांची मान मागून पकडली आणि तोंड त्या सिलिंडरवर दाबलं. "बघ! नीट बघ! हितं होता माझा पुतण्या! ह्याच्या शेजारी होता! वरून हाका मारत होतो आम्ही त्याला!"

बाबांचं कपाळ सिलिंडरच्या कडेवर फुटलं. ते ओरडले नाहीत. मीच ओरडले. एका खलाशाने माझा दंड धरून मला खाली बसवलं.

"पाण्याचा पंप काढ," तांडेल म्हणाला. त्याला इंजिन कळत होतं. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो तो पंप. वाटीएवढं त्याचं झाकण, सहा बोल्ट.

बाबांनी पंप सोडवला आणि माझ्याकडे दिला. वाळूने आणि शेवाळाने तो माखला होता. "साफ कर," ते म्हणाले. रोजच्यासारखं.

मी पोत्यावर बसले. चिंधी रॉकेलात बुडवली. सगळे माझ्या हातांकडे बघत होते. वाळू निघाली, शेवाळ निघालं, आणि झाकणाच्या कडेला लाल रंग दिसला.

माझा हात थांबला.

बाबा नेहमी शेलॅकचा तपकिरी गोंद लावत. लाल पेस्टची एक ट्यूब फळीवर पडून होती, कुणीतरी रत्नागिरीहून आणून दिलेली. बाबा तिला आळशाची पेस्ट म्हणत. सुकली की रबरासारखी होते, जाड लावली की आत पिळून येते आणि कुठेही जाऊन बसते. ती त्यांनी कधीच वापरली नव्हती.

मी चिंधी अजून एकदा फिरवली. लाल कडेवर, चौथ्या बोल्टच्या शेजारी, अंगठा होता. स्वच्छ. एवढा समुद्र त्याच्यावरून गेला होता, पण एकही वळ पुसला गेला नव्हता.

मी चिंधी तिथेच दाबून धरली.

"काय झालं?" मनोहर म्हणाला. "हात का थांबला गो?"

"दे हिकडं," बाबा म्हणाले.

मी दिला नाही. त्यांनी माझ्या बोटांतून तो पंप काढून घेतला, चिंधीसकट. चिंधी बाजूला करून पाहिलं. किती वेळ पाहिलं असेल? श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढा. मग त्यांनी माझ्यापुढची पत्ती उचलली, आडवी धरली आणि एकाच ओढीत ती लाल कड सोलून काढली. साल निघावी तशी ती अख्खी निघाली आणि बाकड्याखाली कुठेतरी पडली.

"काय काढलंस?" मनोहर गरजला. "दादा, त्यानं काहीतरी काढलं!"

त्याने बाबांच्या पोटात गुडघा घातला, पंप हिसकावला आणि पान्याने सहाही बोल्ट सोडवले. झाकण उचकटून निघालं. आत पाण्याच्या भोकात लाल गोळा बसला होता, करंगळीएवढा. पिळून आत आलेली पेस्ट तुटून तिथे अडकली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला लाल पेस्टखाली जुना तपकिरी थर तसाच होता. कुणीही सांगू शकलं असतं. जुनं खरवडलं नव्हतं, त्याच्यावरच नवं फासलं होतं. बसेना म्हणून जास्त फासलं होतं.

एक कावळा टेम्पोच्या टपावर येऊन ओरडू लागला.

तांडेलाने तो गोळा नखाने काढला आणि तळहातावर ठेवला. "ह्याच्यापायी," तो म्हणाला. "एवढ्याशा ह्याच्यापायी." मग वर पाहिलं. "लाल पेस्ट तू लावलीस?"

"हो."

"तू कवापासून लाल लावायला लागलास?"

"ह्या खेपेला लावली."

"न खरवडता?"

"घाई होती."

"आणि कडेवर अंगठा होता. तो तू आता काढलास. मी बघितलं. स्वतःचा अंगठा कोण पुसतो, मिस्त्री?"

"ज्याला लाज वाटते तो," बाबा म्हणाले.

मी उठले. खलाशाचा हात झटकला. "तांडेलकाका, तो अंगठा..."

बाबांनी मला मारलं.

आयुष्यात एकदाच. हातात पत्ती आहे हे ते विसरले असावेत. माझा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. मी रॉकेलच्या डब्यावर पडले, डबा लवंडला, आणि रॉकेल जखमेत गेलं. कानात दर्या भरल्यासारखा आवाज येत होता, आणि त्याच्या पलीकडून बाबा ओरडत होते, कधी न ऐकलेल्या आवाजात, "बाईमाणूस असून बापय माणसं बोलतात तिथं तोंड घालतेस? रांडे! परत आवाज काढलास तर जीव घेईन! आत हो!"

ज्या माणसाने मला गिऱ्हाइकासमोर बोलायला शिकवलं, तो हे बोलत होता. मनोहरसुद्धा एक पाऊल मागे सरकला.

मग बाबा लोखंड पकडायच्या शिकंज्यापाशी गेले. शिकंज्याच्या मागे ऐरणीसारखी सपाट जागा असते, तिथे त्यांनी उजवा हात ठेवला. चार बोटं मुडपली. अंगठा पुढे केला.

"हात ठेवायचा बोललास ना," ते तांडेलाला म्हणाले. "अंगठ्यानं केलं. अंगठा घे. बाकीच्या बोटांवर पोरीला जेवायला घालायचंय."

तांडेलाने भिंतीवरचा हातोडा घेतला. मी गुडघ्यांवर उठायचा प्रयत्न केला. रॉकेलात पाय सरकले. पहिला घाव नेमका बसला नाही, नख उडालं. बाबांनी हात काढला नाही. दुसरा घाव बसला. तो आवाज मी इथे लिहीत नाही.

तांडेलाने तिसऱ्यांदा हातोडा उचलला तेव्हा दारातून कुणीतरी म्हणालं, "पुरे."

सुयोगची आई उंबऱ्यात उभी होती. लीलाकाकी. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आत आली, नवऱ्याच्या आणि बाबांच्या मध्ये. वाकली, खालून काहीतरी उचललं. मला वाटलं, सुटलेला पदर. तिने मूठ मिटली आणि परत म्हणाली, "पुरे."

"त्यानं तुझ्या पोराला मारलं!" मनोहर ओरडला.

"पुरे म्हटलं ना मी!"

हातोडा तांडेलाच्या हातातून पडला. मग तो खालीच बसला, आमच्या रॉकेलात आणि रक्तात, आणि भादरलेल्या डोक्यावर दोन्ही हातांनी मारून घ्यायला लागला. त्याला चौघांनी उचलून नेलं. इंजिन आमच्या दारातच राहिलं.

तालुक्याच्या दवाखान्यात बाबांनी सांगितलं, इंजिन सरकलं, हात खाली आला. आणि पोरीचा गाल? ती मध्ये पडली. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. माझ्या गालाला अकरा टाके पडले. बाबांचा अंगठा मुळापासून काढावा लागला.

दुपारी वॉर्डात पंखा बंद होता. आम्ही दोन खाटांवर समोरासमोर बसलो होतो. बाबा पांढऱ्या पट्टीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "किती वेळ लागला तुला?"

"काय?"

"झाकण बसवायला."

टाके ताणत होते. मी नीट बोलू शकत नव्हते. "अर्धा तास."

"खरवडलं नाहीस."

"वेळ नव्हता. भरती सुटत होती."

"पेस्ट जास्त लावलीस."

"हो."

"परत लावू नको," बाबा म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले.

होडी बुडायच्या तीन दिवस आधीची गोष्ट. बाबा सामानासाठी रत्नागिरीला गेले होते. सुयोग धावत आला. पंपाच्या झाकणातून पाणी गळतंय, तासाभरात होडी सोडायचीय, बाप वाट बघतोय. मी म्हटलं, बाबा येऊ देत. तो म्हणाला, "तुझ्या बाबांना येतं ते तुला नाय येत? मग इतकी वर्सं काय नुसतं खरवडतच होतीस?" हसत म्हणाला. त्याचं हसणं असं होतं की माणूस नाही म्हणायचं विसरावं. मी पत्ती घेतली, शेलॅक शोधलं, डबा सुकलेला. लाल ट्यूब घेतली आणि त्याच्यामागे धक्क्यावर गेले. होडीच्या पोटात अंधार, डिझेलचा वास, आणि तो शेजारी बॅटरी धरून बसलेला. जुना गोंद दगडासारखा होता. रॉकेलात तासभर भिजवायला हवा होता. वरून तांडेलाने सुयोगला हाक मारली; मी खाली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी नख फिरवलं. अडलं. परत फिरवलं. परत अडलं. मी त्याच्यावरच पेस्ट लावली, आणि भरवसा वाटेना म्हणून अजून लावली. बोल्ट आवळले.

"आता अंगठा," सुयोग म्हणाला.

"वेडा आहेस? तो बाबांचा असतो."

"काम कुणी केलं? लाव की मिस्त्रीणबाय! पहिलं काम तुझं."

मी लावला. माझ्या अंगठ्यावर राहिलेली लाल पेस्ट त्याने आपल्या बनियनला पुसली, आणि माझा हात लगेच सोडला नाही.

दवाखान्यातल्या त्या दुपारनंतर बाबांनी हा विषय काढला नाही आणि मीही नाही. अंगठ्याशिवाय पाना धरता येत नाही. बाबा शेजारी पोत्यावर बसून सांगत आणि मी करत असे. आता आडबंदरातली इंजिनं मीच बघते. लग्न झालं तरी कारखाना सोडला नाही. नवरा बर्फाच्या गाडीवर असतो, तो म्हणतो, तुझे हात कामातच बरे. खरवडायला मी तीन-तीन तास घेते. गिऱ्हाइकं कुरकुरतात आणि परत माझ्याकडेच येतात. अंगठा मात्र मी कुठल्याच झाकणावर लावत नाही. लोकांना वाटतं, बापाच्या मानासाठी.

हे लिहायला घेतलं ते लीलाकाकी येऊन गेली म्हणून. लेक पाच महिन्यांची आहे. पाळण्याची दोरी पायाला बांधून, एक झोप एक पान असं लिहितेय.

तांडेल गेल्या वर्षी वारला. अकरा वर्षांत त्या घरातलं कुणी आमच्या दारी आलं नव्हतं, आणि मागच्या मंगळवारी सकाळी लीलाकाकी उंबऱ्यात उभी. केस पार पांढरे. हातात बाळासाठी झबलं.

"येऊ ना गो?"

बाबा बाकड्यावर बसले होते, लेक त्यांच्या मांडीवर झोपलेली. तिला त्यांचा उजवा हात आवडतो. अंगठा नाही तिथल्या खळग्यात ती आपली मूठ घालून झोपते. काकीने ते पाहिलं आणि तिथेच खाली, फरशीवर बसली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तांडेल होता तवर बोलता नाय आलं. आज बोलून जाते."

कमरेची कुंकवाची डबी काढून तिने उघडली. आत कापसावर एक लाल पाकळी होती. सुकलेली, कडेने वळलेली. तिच्यावर अंगठा.

"ह्याच जागेवर पडलेला. मी उचलला. कुणाला नाय दाखवला. तांडेलाला पण नाय." तिने डबी माझ्याकडे धरली. "मिस्त्रीची रेघ नाय ह्याच्यात. माझ्या सुयोगचा. मोठा झाला तरी अंगठा बाईसारखा बारीक होता त्याचा. त्या सकाळी मला बोलला होता, आये, पंप गळतोय, मी बघतो. त्यानंच उघडला आणि त्यानंच बंद केला. आपल्या हातानं आपला जीव घालवला. हे बापाला कसं सांगायचं होतं मी? मिस्त्रीनं बघितलं, नि माझ्या पोराचं नाव राखायला खरवडून टाकलं. अंगठा दिला, पण तोंड उघडलं नाय."

"लीलावैनी..." बाबा म्हणाले.

"मी उंबऱ्यात होते मिस्त्री. पहिल्या घावाच्या आधीपासून होते. मलाबी वाटत होतं, मारावा. मग बघवेना म्हणून पुरे बोलले. हे उचललं नि मग सगळं कळलं." ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. "अकरा वर्सं मी रोज ह्या अंगठ्याला कुंकू लावते, नि रोज तुमच्या अंगठ्याची माफी मागते."

बाबांनी पाय मागे ओढले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं तोंड वाचता येतं, लहानपणापासून.

"दक्षू," ते म्हणाले, "पोरीला आत ने. ऊन येतंय."

ऊन येत नव्हतं.

मी आत गेले नाही. काकीच्या समोर खाली बसले. माझ्या अंगठ्यावर सकाळचं तेल होतं, ते पदराला पुसलं. मग डबीतल्या त्या लाल पाकळीवर अंगठा ठेवला. जोर दिला नाही. तो आपोआप बसला, प्रत्येक वळात वळ, जणू कालच उचलला होता.

काकी बघत राहिली. माझा अंगठा, मग माझं तोंड, मग गालावरचा वण, कानापासून ओठापर्यंत. तिचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत असल्यासारखे.

"तो शेजारी बॅटरी धरून होता," मी म्हणाले. "काम माझं होतं काकी. त्यानं नुसती बॅटरी धरली होती."

तिने मला मारलं. त्याच गालावर. साठीच्या बाईच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं; माझं डोकं शिकंज्याच्या पायावर आदळलं. तिने परत मारलं. बाबा उठू लागले, मी हाताने त्यांना थांबवलं. तिसऱ्यांदा तिने हात उचलला तेव्हा माझी लेक दचकून जागी झाली आणि किंचाळली.

काकीचा हात तसाच वर राहिला.

लेक रडत होती, लालबुंद, श्वास कोंडेपर्यंत. बाबांना एका हाताने ती सावरेना. काकीने तो वर उचललेला हात खाली आणला, लेकीला त्यांच्या मांडीवरून उचललं आणि खांद्याशी धरलं. उठली. कारखान्यातून इकडून तिकडे, पान्यांच्या भिंतीपासून दारापर्यंत, ती फेऱ्या घालू लागली. लेकीच्या पाठीवर तिचा हात सावकाश पडत होता.

"उगी गो बाय," ती म्हणत होती, "उगी. तुला नाय मारलं. तुला नाय."